पोपटी साइड ड्रम

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आमच्या माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक ड्रम होता, एवढं तिला माहीत होतं. तो कोणाचा आणि त्याला कोण शोधतंय, हे फक्त मला माहीत होतं. शोधणारा माणूस रोज सकाळी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, माझ्या डब्यातली भाजी खायचा आणि मधूनच म्हणायचा, "कुठी गेली असंन बे ती साइड?"

मी म्हणायचो, "सापडंन भाऊ."

साडेतीन वर्षं मी हेच म्हणत राहिलो.

मी त्यांना भाऊ म्हणतो. वाशीमकडच्या मालेगावच्या गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते, मी परिचर. ते जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे, मी जनावर धरायचो. ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी अजून आहे.

एखाद्या बैलाचं पोट फुगलं की डॉक्टर येईपर्यंत भाऊ त्याच्या डाव्या कुशीवर दोन बोटं आपटत आणि डोळे मिटून घेत. बैलाचा मालक घाबरलेला असायचा. "काय हाये सायब?"

"थांब ना बाप्पा. त्याले बोलू दे."

पुन्हा दोन बोटं. पुन्हा डोळे बंद. मग म्हणायचे, "टन्न बोलून राह्यला. हवा हाये. तेल पाजा." किंवा, "बद्द बोलते. चारा अडकला." डॉक्टर आले की बहुतेक वेळा तेच निघायचं. त्याच दोन बोटांनी भाऊ ड्रम तपासायचे. आधी कुशीला, म्हणजे लाकडाच्या गोलाला. चामड्याला हात शेवटी. हा कलकत्त्याकडचा, हा विलायती, ह्याचं लाकूड तीन पदरी, हा एकदा पुरात भिजलाय, असं ते सांगायचे. खरं किती आणि मनाचं किती, देव जाणे. पण तपासताना त्यांचा चेहरा असा होई की खोटं वाटत नसे.

त्यांच्याकडे सहा जुने ड्रमसेट होते. हे ऐकून लोक हसतात. आमच्या जिल्ह्यात सहा ट्रॅक्टर असलेला माणूस सापडेल, सहा ड्रमसेटवाला कशाला असेल? पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इकडे गावोगाव ऑर्केस्ट्रा पार्ट्या होत्या, बँड होते. त्या मोडल्या. माणसं शेतावर गेली, नोकरीला लागली, मेली. ड्रम मात्र कुठे जाणार? ते घरात वापराला लागले. बेस ड्रम उभा केला की त्यात तुरीचं बियाणं राहतं. झांजेच्या मधल्या भोकात नट-बोल्ट आवळला की पाण्याच्या भगोण्यावरचं झाकण होतं. गुरं तपासायला घराच्या पार मागच्या दारापर्यंत जाता येतं, त्यामुळे भाऊंना हे दिसायचं. बाकी कोणाला दिसलं नसतं.

भाऊ कधी कोणाचा ड्रम विकत घेत नसत. त्यांच्या मोटारसायकलला मागे नव्या कोऱ्या पराती बांधलेल्या असायच्या. भांडेवाल्या बायका जुने कपडे घेऊन भांडी देतात, तसे हे परात देऊन जुना ड्रम न्यायचे. गावात त्यांना उलटा भांडेवाला म्हणायचे.

एकदा मी सोबत होतो. म्हैस तपासून झाली होती आणि भाऊ चुलीपाशी उकिडवे बसले होते. घरची बाई म्हणाली, "सायब, म्हैस तिकडं हाये."

"म्हैस पाह्यली. हे झाकन पाह्यतो."

"त्याले काय पाहाचं? काळं मिचकूट हाये. पानी लवकर तापते एवढंच."

"कोनं आनलं?"

"माह्या मामानं. बँडात होता तो. मेला."

भाऊंनी मोटारसायकलवरची परात सोडून आणली. बाईनं ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "नवी परात देऊन हे नेता? सायब, तुमाले कोनी फसवून तं नाई राह्यलं?"

"मीच फसवून राह्यलो तुले. पन एक अट हाये. नेण्याच्या आधी तू वाजव."

भाऊंचा हा नियम होता. ड्रम असो की झांज, घरातून हलवण्याआधी पहिली थाप ज्यानं वाजवला त्याची. तो नसेल तर त्याच्या घरच्या कोणाची. बाई लाजली, पदर तोंडाला लावला, शेजारणी हसल्या. मग तिनं पळी उचलली. भाऊंनी बोल्टाला दोरी बांधून झाकण लोंबतं धरलं होतं. तिनं हलकेच मारलं.

काजळीखालून जो आवाज निघाला तो मला अजून आठवतो. गोल गोल होत तो अंगणातून बाहेर गेला, कुंपणापलीकडच्या तुरीवर गेला आणि तिथेच कुठेतरी राहिला. कोंबड्या थांबल्या. संपला कधी ते कळलंच नाही, कारण संपल्यावरही आम्ही ऐकतच होतो.

बाई म्हणाली, "एवढं होतं का याच्यात?" आणि परात बाजूला ठेवून झाकणाकडे पाहत राहिली. भाऊ म्हणाले, "ठेवाचं असंन तं ठेव. परातही ठेव." तिनं मान हलवली. "न्या तुमी. माह्या घरी ते पान्यावरच राहीन."

भाऊंचं घर वाशीम रस्त्याला लागून आहे. मागे टिनाची लांब खोली. आधी तिच्यात कुटार, म्हणजे गुरांचा भुसा भरत, आता हे सहा सेट. वाजवणारा आत्ताच उठून पाणी प्यायला गेलाय अशा थाटात प्रत्येक सेट मांडलेला, मागे एक एक स्टूल. एक लाल चमकीचा. एक मोतिया, कडेला सिगारेटचे डाग पडलेला. भाऊ ते डाग पुसू देत नसत. ड्रमवर जुन्या पार्टीचं नाव रंगवलेलं असेल तर ते अर्धं उडालेलं तसंच. "ज्यानं वाजवला त्याचा घाम हाये तो. आपन कोन धुनारे?"

रस्त्यावरून एसटी गेली की ती खोली बोलायची. साइड ड्रमच्या खाली तारांची जाळी असते. जमीन थरथरली की त्या तारा आपोआप वाजतात, एकीचं ऐकून दुसरी. वाळल्या शेतातून वारा जावा तशी बारीक सळसळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची. भाऊ बोट वर करायचे. "रिसोड गाडी." थोड्या वेळानं पुन्हा. "हा टरक. सोयाबीन भरला हाये." हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी, बाहेर धुकं, टिनावरून थेंब पडताहेत, आणि आम्ही दोघं बाजेवर बसून नुसते गाड्या ऐकतोय. तास तास असे गेले. तितकं निवांत मला माझ्या स्वतःच्या घरात कधी वाटलं नाही.

एक सांगायला हवं. भाऊ फार बरं वाजवत नसत. ताल सुटायचा. पण ते एक गोष्ट करायचे जी मी कुठे पाहिली नाही. त्यांचा एकही सेट पुरा नव्हता. कुठे टॉम, म्हणजे वरचा छोटा ड्रम नाही, कुठे झांज नाही. जो नाही त्याची जागा ते मोकळी ठेवत. दुसऱ्या सेटमधला उचलून तिथे लावायचा नाही. "घरचं मानूस गावाले गेलं म्हनून शेजारचा आनून त्याच्या ताटावर बसवतं का कोनी?" आणि वाजवताना त्या मोकळ्या जागेची पाळी आली की काडी तिथेच, हवेत मारायचे. ऐकणाऱ्याचा पाय खड्ड्यात पडल्यासारखा व्हायचा. महिनाभर मला हसू आलं. पुढे पुढे त्या खड्ड्यातून मला आवाज यायला लागला. कुठला ड्रम नाही हे मला डोळे मिटून सांगता यायचं.

मी वाजवतो. घरातच शिकलो, जयंतीच्या गाण्यांवर. वडिलांच्या गाण्याच्या पार्टीत ढोलकी, मग ड्रम. भाऊंना हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला खोलीत नेलं, बाजेवर स्वतःच्या शेजारी बसवलं आणि बायकोला आवाज दिला, "दोन कप आन वं. उस्ताद आला हाये." हे वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल. भाऊ चांगल्या शेतीवाडीच्या घरातले. माझ्या आजोबांना याच तालुक्यात कोणकोणत्या दारांत उभं ठेवलं, ओंजळीत पाणी कसं वरून ओतलं, हे ऐकत मी मोठा झालो. भाऊंच्या मनात असलं काही नव्हतं. त्यांनी कधी विचारही केला नसेल. विचार करण्याची पाळी आमच्यावर येते. त्या घराचं दार मला आपलं वाटायला लागलं होतं आणि आपलं वाटल्यामुळेच ते जाईल ही भीतीही तिथेच उभी असायची.

ही सबब म्हणून सांगत नाही. पण हे न सांगता पुढचं सांगितलं तर ते खोटं होईल.

रिसोडच्या एका मंगल कार्यालयात जुना ड्रम टांगलाय असं भाऊंना कळलं. आम्ही गेलो. मालकानं तो उलटा करून छताला टांगला होता, अंगभर भोकं पाडून आत दिवे सोडले होते. भोकाभोकांतून उजेड पडत होता. मालक कौतुकानं म्हणाला, "कशी हाये आयडिया?" भाऊ मागे वळले. बाहेर येऊन मोटारसायकलवर बसले, पण किक मारेनात. मग म्हणाले, "ड्रमले भोक पाडनारा मानूस मी दारात उभा करत नाई."

मी मागे बसलो होतो, म्हणून माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

कारण त्या वेळी माझ्या माळ्यावर एक ड्रम होता आणि त्याला दोन भोकं मी पाडली होती. माझी सासुरवाडी कामरगावची. चुलतसासऱ्यांचा तिथे बँड होता. तो बंद पडल्यावर त्यांनी मला एक साइड ड्रम दिला, पोपटी रंगाचा, आतून चकाकणारा. साइड म्हणजे सेटमधला करकरीत आवाजाचा, वाजवणाऱ्याच्या अगदी पुढ्यातला ड्रम. ही साइड स्टँडवर ठेवून बसून वाजवायची असते. मला ती मिरवणुकीत चालत वाजवायची होती. मी वेल्डिंगच्या दुकानात नेऊन कडेला दोन भोकं पाडून घेतली, हुक बसवले, पट्टा गळ्यात घातला. दोन-तीन वर्षं एप्रिलच्या उन्हात ती पोटाशी बांधून वाजवली. मग तारा तुटल्या आणि ती माळ्यावर गेली. तेव्हा भाऊंचा हा नाद मला माहीतही नव्हता.

रिसोडहून येताना मी ठरवलं, ही साइड भाऊंना कधी दाखवायची नाही. तेवढ्यावर राहिलं असतं तर चाललं असतं.

महिनाभरानं केनवडला शेळ्यांच्या लसीकरणाचं शिबिर होतं. एक म्हातारी शेळी घेऊन आली. बोलता बोलता भाऊंनी नेहमीसारखं विचारलं, गावात कोण्या घरी जुना ड्रम वगैरे? म्हातारी म्हणाली, "आमच्याच इथी हाये की. बुढा त्याच्यात चिंध्या भरते."

बुढा म्हणजे केनवडचे टेलरमास्तर. बाजारात दुकान, पायमशीन, जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात टेप. कापायच्या टेबलाखाली पोपटी बेस ड्रम आडवा आणि त्यात कतरणं ठासून भरलेली. भाऊंनी कतरणं उपसली. वर्षानुवर्षांच्या शाळेच्या खाकी चड्ड्या, खणाचे तुकडे, झबली, सगळ्या गावाचं अंग त्यातून निघत होतं. मागे भिंतीशी दोन टॉम आणि कागदात बांधलेली झांज. पोपटी. तोच पोपटी. पोपटी रंग जगात एकाच ड्रमला असतो का, असं मी स्वतःला म्हटलं.

मास्तर तरुणपणी एका ऑर्केस्ट्रा पार्टीत ड्रम वाजवत. भाऊंनी सेट दुकानातच मांडला, स्टूल ठेवलं आणि म्हणाले, "मास्तर, पहिली थाप तुमची."

मास्तर बसले. काड्या हातात घेतल्या. समोर पाहिलं आणि काड्या खाली ठेवल्या.

"साइड कुठी हाये?"

"साइड नाई मास्तर. हवेत मारा. मी तसंच करतो."

"तुमी करत असानं. मी साइडशिवाय हात उचलत नाई." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पार्टी मोडली तवा ज्याच्या हाती जे लागलं ते तो घेऊन गेला. साइड म्यानेजरनं कामरगावच्या बँडले देली. मी सासऱ्याच्या मयतीले गेलो होतो. आलो तं साइड नाई. ओळखू येते ती. इस्तरी पडली होती माह्या हातून तिच्यावर. पिंपळाच्या पानाएवढा डाग हाये."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो डाग मिरवणुकीत माझ्या बेंबीशी यायचा. घामानं शर्टाला चिकटायचा.

भाऊ म्हणाले, "तुमी जिते असतानी आनून देतो."

"मंग घाई करा," मास्तर म्हणाले आणि मिशीत हसले. "सेट न्या आजच. माझी थाप बाकी ठेवा. साइड आली का निरोप धाडा, मी येतो एसटीनं."

मी तिथेच बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. मी चहा प्यालो, कप धुवून ठेवला आणि सेट टेम्पोत चढवायला हात लावला.

पुढच्याच आठवड्यात भाऊंनी कामरगाव काढलं. मला म्हणाले, "जावयाले सारं गाव माहीत असते. चाल." मी त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथल्या एका घरची माणसं वीटभट्टीवर कामाला गेली होती, दाराला कुलूप होतं. मी म्हटलं, "बँडवाले हेच. आता कोनी राह्यलं नाई." भाऊंनी त्या कुलपाला हात लावून पाहिला. दारावर दोन बोटं वाजवली. मला वाटलं, आता हे दारही काहीतरी बोलेल.

तसेच परतलो असतो, पण जावई गावात येऊन चहा न घेता गेला असं होऊ नये म्हणून चुलतसासूनं रस्त्यात गाठलं. त्या घरात चुलतसासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता, सुदैवानं बँडच्या कपड्यांतला नाही, धोतर-टोपीतला. सासूबाईंनी चहा ठेवला आणि विचारलं, "जावईबापू, ते वाजवता का अजून?"

ते म्हणजे काय हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी म्हटलं, "वाजवतो कवामवा."

भाऊ म्हणाले, "लय गोड वाजवते तुमचा जावई. माह्यापेक्षा शंभर पट."

सासूबाईंना बरं वाटलं. त्यांनी भाऊंना अजून अर्धा कप दिला.

त्यानंतर मी भाऊंबरोबर कुठे कुठे फिरलो. जी वस्तू माझ्या घरात होती ती शोधत मी कारंजा पाहिलं, वाशीमचे भंगारवाले पाहिले, वाटेतली गावं पाहिली. भाऊ मागे वळून बोलायचे, शब्द वाऱ्यानं अर्धे उडून जायचे. त्या फेऱ्या मला आवडायच्या, हे खरं सांगतो. ज्वारी उभी असायची, उन्हं कलती असायची, आणि पुढे बसलेला माणूस एका आवाजाबद्दल बोलत असायचा जो त्यानं कधी ऐकलेला नव्हता. कधी कधी मी विसरून जायचो. मीही खरोखरच शोधायला लागायचो.

मास्तरांचा फोन यायचा, भाऊ तो स्पीकरवर लावायचे. "काय ड्रेसर सायब, लागला का सुगावा?"

"लागते मास्तर. तुमची तब्येत?"

"तब्येतीचं इचारू नका. साइडचं बोला. अन् तो तुमचा पोरगा, चांगला वाजवते म्हनता तो, त्याले सांगा, मी आलो का त्याले साइडवरचा एक हात वाजवून दाखवतो. आताच्या पोराइले तो येत नाई."

पन्नाशीच्या मला ते पोरगा म्हणायचे. प्रत्येक फोननंतर मी ठरवायचो, उद्या. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर भोकांचीच लाज होती. पुढे ती लाज मागे पडली आणि न सांगितल्याची लाज पुढे आली. ती दर महिन्याला वाढत होती.

एका सकाळी भाऊ दवाखान्यात आले, टोपी खुंटीला लावली आणि पट्ट्या धुवायला बसले. धुतलेल्याच पट्ट्या. एक पट्टी पिळत म्हणाले, "टेलरमास्तर गेले."

मी बादली त्यांच्याकडे सरकवली. तेच म्हणाले, "झोपीतच. बरं झालं." आणि पुन्हा पट्ट्या धुऊ लागले.

तेरवी झाल्यावर मी साइड माळ्यावरून काढली. भाऊंच्या घरी नेली. म्हणालो, "कारंज्याच्या एका भंगारवाल्याकडं सापडली." हे माझं शेवटचं खोटं, आणि ते सगळ्यात सहज निघालं.

भाऊंनी तिला मांडीवर घेतलं. आधी इस्त्रीच्या डागावर हात ठेवला, मग दोन बोटं वाजवली, डोळे मिटले. मी भोकांकडे पाहत होतो. त्यांची बोटं फिरत फिरत तिथे आली, एका भोकावर थांबली, मग दुसऱ्यावर.

"पट्ट्यासाठी पाडले हे," ते म्हणाले. "कोनी तरी उभ्यानं वाजवली हिले. उन्हातान्हात. चांगलं झालं. वाजत राह्यली म्हनून लाकूड जितं हाये. नाई तं किडलं असतं कवाचं."

मी म्हटलं, "तुमी तं म्हनत होते, ड्रमले भोक पाडनाऱ्याले दारात उभा करत नाई."

"मी? कवा?"

"रिसोडले. मंगल कार्यालयात."

त्यांनी आठवून पाहिलं. "म्हनलो असंन रागात. त्यानं दिवा केला होता ना बे त्याचा. मुका करून टांगला होता. हे तं वाजवन्यासाठी पाडलं. वाजवनाऱ्याले काय बोलाचं?"

मग त्यांनी तिला तारा लावल्या, आणि आम्ही ती घेऊन केनवडला गेलो. नियम नियम होता. मास्तरांची बायको ओट्यावर बसली होती. भाऊंनी साइड तिच्यापुढे ठेवली. तिनं काडी घेतली नाही. डागावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "रोज संध्याकाळी म्हनत, आज नाई आला साइडचा निरोप." मग तळहातानं एक थाप मारली, भाकर थापावी तशी. तारा किती तरी वेळ करकरत राहिल्या. ती म्हणाली, "त्याइले पाह्यजे होतं हे." आमच्यावर राग नव्हता. शेळीला पाणी दाखवायला ती उठून गेली.

आता पोपटी सेट पुरा आहे. भाऊंच्या सहांमधला तेवढा एकच पुरा. तो ते स्वतः वाजवत नाहीत. रविवारी मला बसवतात आणि समोर बाजेवर डोळे मिटून ऐकतात. कोणी पाहायला आलं की माझ्या पाठीवर हात ठेवून सांगतात, "साइड यानं शोधून आनली. मी हारलो होतो. यानं नाई सोडलं." पाहुणे माझ्याकडे कौतुकानं पाहतात. मी खाली पाहतो. भाऊंना वाटतं, लाजरा आहे.

मास्तर मला जो हात दाखवणार होते तो कसा होता, हे मला कधी कळणार नाही. त्यांनी फोनवर सांगितलेल्या चारदोन शब्दांवरून मी तो बसवायचा प्रयत्न करतो. जमत नाही.

मास्तरांच्या हयातीत त्यांची साइड त्यांच्या पुढ्यात ठेवणं हे माझं देणं होतं. ते बुडालं. ते आता कोणाला देऊन फिटत नाही. भाऊंचं मात्र अजून फेडता येतं. ती माझ्याच घरी होती, कामरगावला मी तुम्हाला मुद्दाम चुकीच्या दारी नेलं, आणि मास्तर वाट पाहत गेले ते माझ्यामुळे, एवढंच त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.